स्विचच्या पोटातला गावनकाशा

३९, ३८, ३७, ३६. पडद्यावरचा आकडा असा उतरत जातो, तिसाच्या आसपास पोचतो आणि उडी मारून पुन्हा ३९ वर जाऊन बसतो. लॅबच्या टेबलावर चार स्विच मांडलेत. त्यांतल्या पहिल्याला फिकट निळी, चपटी कन्सोल केबल लावली आहे आणि मी एकच आज्ञा पुन्हा पुन्हा देते आहे: ‘शो आयपी ओएसपीएफ नेबर’. उत्तरात दोन ओळी येतात, दोन शेजाऱ्यांच्या. ‘डेड टाइम’ नावाच्या रकान्यात हा आकडा खालीवर होत राहतो. दर १० सेकंदांनी शेजारी ‘हॅलो’ म्हणतो. हॅलो ऐकू आला की घड्याळ पुन्हा ४० पासून उलटं चालू लागतं. ४० सेकंदांत एकदाही आवाज आला नाही, तर शेजारी गेला असं धरायचं. नाडीवर बोट ठेवून बसावं तसं मी कितीदा तरी हे बघत बसले आहे.

चौघांना नावं देऊ या: अ, ब, क, ड. जोडणी चौकोनी आहे. अ कडून ब, ब कडून ड, ड कडून क आणि क कडून परत अ. फक्त अ आणि ब यांच्या मधे मी मुद्दाम एक साधा, स्वस्तातला, कसलंही कॉन्फिगरेशन नसलेला स्विच बसवला आहे. आता ब च्या बाजूची केबल उपटते. मधला स्विच चालूच आहे, त्यामुळे अ च्या पोर्टवरचा हिरवा दिवा तसाच तेवतो आहे. अ ला काही कळायचं कारणच नाही. डेड टाइम ३१, ३०... इथं उडी मारायला हवी होती. पण २९, २८, २७. तरीही ब च्या नावापुढे अजून ‘फुल’ लिहिलेलं आहे, म्हणजे मैत्री पक्की. आणि तेवढ्यात मी राउटिंग टेबल उघडते, तर ब कडे जाणारा रस्ता केव्हाच बदललेला! आधी तो थेट होता, आता क आणि ड वरून वळसा घेऊन निघाला आहे.

अ च्या लेखी शेजारी अजून जिवंत आहे, दिवा हिरवा आहे, घड्याळ संपायला २७ सेकंद बाकी आहेत. मग त्याला सांगितलं कुणी?

पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी आज्ञा चुकीच्या स्विचवर दिली की काय म्हणून केबल तपासली होती. केबल बरोबर होती. उत्तर त्याच स्विचच्या पोटात, दुसऱ्या एका आज्ञेमागे होतं. तिथं पोचण्याआधी या पेट्या एकमेकींशी बोलतात तरी काय, ते बघू.

साधा स्विच आपल्या आवारापुरतं बघतो: कुठल्या पोर्टला कुठलं यंत्र जोडलंय, एवढंच. टेबलावरच्या चौघांसारख्या लेयर थ्री स्विचला आवाराबाहेरचंही कळावं लागतं, आपण कधी न पाहिलेल्या पाचव्या इमारतीतल्या नेटवर्ककडे जाणारं पाकीट कुठल्या पोर्टमधून बाहेर काढायचं ते. हे कळण्याचे दोन मार्ग आहेत. एक मार्ग आपण रस्त्यावर वापरतो तोच. चौकात विचारायचं, ‘अमुक गाव केवढं लांब?’ तो म्हणतो, ‘इकडून दोन कोस.’ त्यानं स्वतः मोजलेलं नसतं, त्याला पुढच्या चौकातल्या माणसानं सांगितलेलं असतं. चांगली बातमी अशी भराभर पसरते. वाईट बातमीचं मात्र अवघड होतं. पूल वाहून गेला तरी मागचा म्हणतो ‘पुढच्याला रस्ता ठाऊक आहे’, पुढचा म्हणतो ‘मागच्याला ठाऊक आहे’, आणि अंतर दोन कोसांचं तीन, तिनाचं चार असं वाढत जातं. पाकिटं दोघांच्या मधे चेंडूसारखी टोलवली जातात. इंटरनेटचं पूर्वरूप म्हणजे आर्पानेट. १९६९ साली ते सुरू झालं तेव्हा अशाच ऐकीव अंतरांवर चालत होतं, आणि जसजसं वाढलं तसतसा हा दोष बोचू लागला.

१९७९ साली तिथं पद्धत बदलली. बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन या कंपनीतले जॉन मॅक्विलन, आयरा रिचर आणि एरिक रोझेन या तिघांनी बसवलेली नवी रीत मे १९८० मध्ये शोधनिबंध म्हणून छापून आली. तिला आज आपण ‘लिंक-स्टेट’ म्हणतो. तिचं मर्म मला सगळ्यात चांगलं कळलं ते जमिनीच्या खरेदीखतावरून.

जुन्या खरेदीखतात चतुःसीमा लिहिलेली असते. पूर्वेस अमुकची जमीन, पश्चिमेस ओढा, दक्षिणेस गाडीरस्ता, उत्तरेस तमुकची जमीन. मालक गावाबद्दल काहीही बोलत नाही. तो फक्त आपल्या बांधाबद्दल बोलतो, जो त्याच्या डोळ्यांसमोर आहे, ज्यावरून तो रोज चालतो. आता कल्पना करा, गावातल्या प्रत्येक मालकानं आपली चतुःसीमा एका कागदावर लिहिली आणि त्या कागदाची प्रत गावातल्या प्रत्येक घरात पोचवली. मग कुठल्याही घरात बसून ते कागद जुळवले, की सगळ्या गावाचा नकाशा तयार. भूकरमापक नको, साखळी नको, कचेरीतला मूळ नकाशाही नको. शिवाय एक पडताळा फुकटात मिळतो. मी म्हणते माझ्या पूर्वेला ब आहे, तर ब च्या कागदावर पश्चिमेला माझं नाव असलंच पाहिजे. नसेल तर तो बांध नकाशावर धरायचा नाही.

ओएसपीएफ हा आज संस्थांच्या आतल्या नेटवर्कमध्ये सर्रास दिसणारा लिंक-स्टेट प्रोटोकॉल. आयपीव्ही४ साठी आजही चालणारी त्याची आवृत्ती जॉन मॉय यांनी लिहिलेल्या एप्रिल १९९८ च्या आरएफसी २३२८ या दस्तऐवजात आहे. तिचा गाभा अक्षरशः एवढाच. प्रत्येक स्विच फक्त आपल्या बांधाबद्दल बोलतो: माझे हे शेजारी, ही माझी नेटवर्क्स, आणि प्रत्येक लिंक ओलांडायला इतका खर्च. त्या कागदाला ‘एलएसए’ म्हणतात. मी त्याला नोंद म्हणते. ही नोंद गावभर दवंडी पिटल्यासारखी पसरते, आणि सगळ्यांच्या नोंदींचं जे बाड प्रत्येक स्विचपाशी जमतं, ते ‘शो आयपी ओएसपीएफ डेटाबेस’ या आज्ञेनं दिसतं.

मघाच्या कोड्याचं उत्तर तिथं होतं. केबल ब च्या बाजूनं उपटली होती, म्हणून ब च्या पोर्टचा दिवा तत्क्षणी विझला. ब नं लगेच आपली चतुःसीमा नव्यानं लिहिली, त्या बाजूचा बांध वगळून, आणि उरलेल्या एका रस्त्यानं दवंडी धाडली. ती ड ला मिळाली, ड नं क ला दिली, क नं अ ला. अ नं बाड चाळलं. आपल्या बाजूनं पाहिलं तर ब अजून बांधावर आहे, पण ब च्या ताज्या कागदावर तो बांधच नाही. पडताळा जुळेना, म्हणून त्यानं तो रस्ता सोडला. शेजारी गेल्याची खबर त्याला स्वतःच्या कानांनी कळायच्या आधी गावाला वळसा घालून मिळाली. बाकीचे २७ सेकंद नेबर टेबलातलं ते घड्याळ नुसतं रीतीप्रमाणे चालत राहिलं.

आता त्या बाडातली एक ओळ जवळून पाहू. केबल उपटण्याआधी ब ची नोंद अशी होती:

१०.०.०.२ | १०.०.०.२ | ४१२ | ८००००००७ | ५४९१ | ३

दिसायला रूक्ष आकडे. पण यांतल्या प्रत्येक रकान्याला इतिहास आहे. पहिले दोन म्हणजे नोंदीचं आणि ती लिहिणाऱ्याचं नाव. शेवटचा ३ म्हणजे तिच्यात तीन जोडण्या आहेत: अ कडची, ड कडची आणि स्विचचा स्वतःचा लूपबॅक पत्ता. माझा जीव अडकतो तो मधल्या तिघांत.

४१२ हे वय, सेकंदांत. नोंद जन्मते तेव्हा शून्य आणि मग प्रत्येक स्विचच्या स्मरणात ते सेकंदासेकंदानं वाढत राहतं. काहीही बदललं नसलं तरी १,८०० च्या आसपास, म्हणजे अर्ध्या तासानं, लिहिणारा तीच नोंद पुन्हा नव्यानं पाठवतो: मी आहे, माझे बांध तसेच आहेत. ३,६०० झाले तरी नवी आली नाही, तर ती नोंद सगळीकडून पुसली जाते. आणि एक बारीक नियम आहे. नोंद एका स्विचकडून दुसऱ्याकडे जाताना प्रत्येक टप्प्यावर तिच्या वयात निदान १ सेकंद मिळवायचाच, प्रवासाला त्याच्या हजाराव्या भागाइतका वेळ लागलेला असला तरी. हा हट्ट कशासाठी, ते पुढे येतं.

८००००००७ हा क्रमांक. ब नं ही नोंद सातव्यांदा लिहिली आहे, कारण मोजणी ८००००००१ पासून सुरू होते. एकाच माणसाच्या दोन दवंड्या कानावर आल्या तर ताजी कुठली, ते यावरून ठरतं. दवंडी पुढे नेण्याचे नियम इतके थोडके आहेत की पोस्टकार्डावर मावतील. आलेली नोंद माझ्याकडच्यापेक्षा नवी असेल, तर ठेवून घे, पोच दे आणि जिच्याकडून आली ती बाजू सोडून बाकी सगळीकडे धाड. तीच असेल, तर पोच देऊन थांब. जुनी असेल, तर पाठवणाऱ्याला आपल्याकडची नवी परत दे. एवढ्यावर दवंडी गावभर जाते आणि गेल्यावर आपोआप थांबते.

या तिसऱ्या नियमातून एक गोष्ट घडते, जिनं मला पहिल्यांदा खरोखर स्तब्ध केलं. स्विच बंद पडून पुन्हा चालू झाला, तर आधीचा क्रमांक कुठवर गेला होता ते त्याला आठवत नाही. तो बिचारा ८००००००१ पासून बोलायला लागतो. पण शेजाऱ्यांकडे त्याचीच जुनी नोंद आहे, मोठ्या क्रमांकाची. ते ती त्याला परत देतात. आपल्याच नावाची, आपण या जन्मी न लिहिलेली नोंद पाहून तो समजतो की मी याआधी होतो आणि इथवर पोचलो होतो. मग तो त्याच्या पुढचा क्रमांक घेऊन नवी नोंद लिहितो. त्याची स्मृती त्याच्याजवळ नसून शेजाऱ्यांजवळ असते.

हा क्रमांक आज ३२ बिटांचा आहे आणि सरळ रेषेत चढतो, गोल फिरून पुन्हा पहिल्यावर येत नाही. नियमानुसार एक नोंद ५ सेकंदांच्या आत पुन्हा लिहिता येत नाही. कुणी अगदी दर ५ सेकंदांनी लिहीत बसला, तरी सगळे आकडे संपायला सुमारे ६८० वर्षं लागतील. एवढी उधळमाधळ का केली असावी? कारण २७ ऑक्टोबर १९८० चा दिवस.

त्या दिवशी सगळं आर्पानेट कित्येक तास ठप्प झालं होतं. एरिक रोझेन यांनी पुढच्या वर्षी आरएफसी ७८९ मध्ये त्याची जी चिकित्सा लिहिली, ती मी दर वर्षी एकदा तरी वाचते. तेव्हा क्रमांक ६ बिटांचा होता, शून्य ते ६३, आणि घड्याळाच्या तबकडीसारखा गोल. गोल तबकडीवर ‘नंतरचा’ कोण, हे ठरवायची रीत अशी: दोन आकड्यांतलं अंतर ३२ किंवा कमी असेल तर मोठा आकडा नंतरचा. अंतर त्याहून जास्त असेल तर तबकडी फिरून पुढे आली असं समजायचं आणि लहान आकडा नंतरचा धरायचा. रोजच्या कामाला हे पुरेसं होतं. पण २९ क्रमांकाच्या यंत्राची मेमरी बिघडली होती आणि तिच्यातून बिट गळत होते. त्याच्या शेजारच्या ५० क्रमांकाच्या यंत्राची नोंद होती ४४ व्या क्रमांकाची, म्हणजे दोनांच्या भाषेत १०११००. त्यातला एक १ गळला, झाले १०१०००, म्हणजे ४०. आणखी एक गळला, झाले ००१०००, म्हणजे ८.

आता एकाच यंत्राच्या तीन नोंदी जाळ्यात एकाच वेळी हिंडू लागल्या: ८, ४० आणि ४४. हाताशी कागद असेल तर करून पाहा. ४० आणि ८ मधे अंतर ३२, म्हणून ४० नंतरचा. ४४ आणि ४० मधे अंतर ४, म्हणून ४४ नंतरचा. ४४ आणि ८ मधे अंतर ३६, बत्तिसाहून जास्त, म्हणून ८ नंतरचा! तिघांतला प्रत्येक जण दुसऱ्या कुणापेक्षा तरी ताजा. कुठल्याही यंत्राकडे ८ असेल आणि ४० आली, की ‘अरे, ही नवी’ म्हणून ते ठेवून घेणार आणि सगळीकडे धाडणार. मग ४४, ती नवी. मग ८, ती त्याहून नवी. दवंडी थांबेचना. दवंडीला प्राधान्य दिलेलं, म्हणून प्रत्येक यंत्र फक्त तीच पिटत बसलं आणि दुसऱ्या कामाला वेळच उरला नाही. एखादं यंत्र बंद करून पुन्हा चालू करावं, तर शेजारी तत्परतेनं त्याला त्या तीन नोंदी परत देत. जो नियम आज विसरलेल्या स्विचला त्याची आठवण परत देतो, त्याच स्वभावानं त्या दिवशी रोगही परत दिला. वय मोजायची सोय तेव्हाही होती, पण नोंद कुठल्याही यंत्रात पुरेसा वेळ टिकतच नव्हती, तिची जागा लगेच दुसरी घेत होती. त्यामुळे तिचं वय सरकत नव्हतं आणि ती म्हातारी होऊन मरत नव्हती. शेवटी सगळ्या यंत्रांना एक ठिगळ लावून ५० क्रमांकाच्या यंत्राकडून आलेल्या नोंदी कानाआड करायला शिकवावं लागलं, तेव्हा कुठे जाळं शांत झालं.

आता तो रूक्ष रकाना पुन्हा बघा. प्रत्येक टप्प्यावर वयात १ सेकंद मिळवायचाच, हा हट्ट. कितीही वेगानं फिरली तरी नोंद म्हातारी झालीच पाहिजे. क्रमांकाची तबकडी मोडून केलेली सरळ रेषा. सरळ रेषेवर ८, ४० आणि ४४ यांचं असलं चक्र जमूच शकत नाही. ही रेषाही एका दमात आली नाही. १९८३ मध्ये रेडिया पर्लमन यांनी अशा अपघातातून जाळ्यानं स्वतःच कसं सावरावं यावर निबंध लिहिला आणि त्यात काडी सरळ, डोकं गोल अशी लॉलीपॉपच्या आकाराची मोजणी सुचवली. ओएसपीएफच्या १९८९ च्या पहिल्या आवृत्तीनं ती घेतली आणि दुसऱ्या आवृत्तीनं गोल डोकंही काढून टाकलं. पाचवा रकाना, ५४९१, म्हणजे चेकसम. १९८० मध्ये तारेवरून जाताना पाकिटाची तपासणी होत होती, पण यंत्राच्या मेमरीत पडून असताना बिट गळला तर ते कुणाच्या लक्षात येत नव्हतं. म्हणून आजची नोंद जन्मतानाच आपला चेकसम बरोबर घेऊन निघते आणि मेमरीत असतानाही तो अधूनमधून ताडून पाहिला जातो. नोंदीचं वय वाटेत बदलणारच, म्हणून या हिशेबातून वय तेवढं वगळलेलं असतं.

मी शिकवते त्या मुलांना हे रकाने पाठ असतात. पण ४४, ४० आणि ८ ची कहाणी सांगितल्यावर ते त्या ओळीकडे वेगळ्या नजरेनं बघतात. एका बिघडलेल्या मेमरीची ती जखम आहे आणि जगातल्या प्रत्येक ओएसपीएफ स्विचनं ती अंगावर बाळगली आहे.

बाड जमलं, नकाशा झाला. आता रस्ता. इथं १९५६ सालच्या ॲम्स्टरडॅमला जावं लागतं. एड्सखर डाइक्स्ट्रा नावाचा विशीतला तरुण आपल्या वाग्दत्त वधूबरोबर खरेदी करून दमला आणि दोघं एका कॅफेबाहेर कॉफी प्यायला बसली. ‘आर्माक’ या नव्या संगणकाचं प्रात्यक्षिक व्हायचं होतं आणि सामान्य माणसाला कळेल असा एखादा प्रश्न त्याला हवा होता: एका शहरातून दुसऱ्या शहरात जायचा सगळ्यात जवळचा रस्ता कोणता? कागद-पेन्सिल नसताना, वीसेक मिनिटांत त्याला युक्ती सुचली. प्रात्यक्षिकासाठी नेदरलँड्समधली ६४ शहरं घेतली होती. निबंध छापला १९५९ मध्ये, अवघा तीन पानांचा. कागद जवळ नव्हता म्हणून गुंतागुंत टाळावीच लागली आणि म्हणून युक्ती इतकी साधी झाली, असं ते स्वतः पुढे सांगत.

युक्ती समजायला पाटाचं पाणी डोळ्यांपुढे आणा. तुमच्या विहिरीवर मोटर चालू केली. पाटांतून पाणी सगळीकडे एकाच चालीनं निघालं. जवळचं वावर आधी भिजेल, मग त्यापुढचं. एखाद्या वावराला तीन बाजूंनी पाट येत असतील, तरी ज्या पाटानं पाणी पहिल्यांदा पोचलं तोच तुमच्या विहिरीपासूनचा जवळचा रस्ता. मागून येणाऱ्या पाण्याचा विचारच करायचा नाही. स्विच नेमकं हेच करतो. स्वतःला विहीर समजतो, प्रत्येक लिंकचा खर्च म्हणजे पाटाची लांबी, आणि भिजलेल्यांपैकी सगळ्यात जवळच्याकडून पुढे सरकतो. अ ची विहीर वेगळी, ड ची वेगळी. पाण्याची नक्षी प्रत्येकाची निराळी, पण वावरं आणि पाट सगळ्यांचे तेच. म्हणून अ नं क कडे सोपवलेलं पाकीट क पुन्हा अ कडे ढकलत नाही. कुणी कुणाला ‘तू असं कर’ म्हणून सांगितलेलं नसतं. दवंडी गावभर पोचेपर्यंतच्या क्षणभरात नकाशे वेगळे असू शकतात आणि तेवढ्यापुरतं एखादं पाकीट गोल फिरूही शकतं. दवंडी सगळीकडे पोचली की चकवाही गेला.

हिशेबाचं फळ ‘शो आयपी राउट ओएसपीएफ’ मध्ये दिसतं. अ वर ब च्या लूपबॅक पत्त्यापुढे आधी कंसात ११०/२ होतं. ११० ही ओएसपीएफच्या शब्दाची पत, बाकीच्या प्रोटोकॉलांशी तुलना करताना लागणारी, आणि २ म्हणजे एकूण खर्च. केबल उपटल्यावर तिथं ११०/४ आलं. दोन टप्पे वाढले.

खर्चाबद्दल एक गोष्ट तळमळीनं सांगते. पुष्कळ स्विचांवर मुळात बसवलेला हिशेब असा आहे: १०० एमबीपीएसला लिंकच्या वेगानं भागा, आणि उत्तर एकाहून कमी आलं तर एकच धरा. म्हणजे १०० एमबीपीएसचा खर्च १, १ जीबीपीएसचाही १ आणि १० जीबीपीएसचाही १. पायवाट आणि महामार्ग एकाच मोलाचे. एका ठिकाणी मी अख्खा दिवस घालवला होता, कारण नवी १० जीबीपीएसची फायबर असताना अर्धी वाहतूक जुन्या तारेवरून रेंगाळत होती. स्विचचा हिशेब चोख होता, मोजपट्टी जुनी होती. ‘रेफरन्स बँडविड्थ’ बदलायची ती एक ओळ प्रत्येक स्विचवर सारखीच लिहिली, तेव्हा रस्ते जागेवर आले.

एकदा एक नवा मुलगा दहा स्विचांच्या जाळ्यासमोर घाबरून बसला होता. ‘मॅडम, हे सात जण टू-वेवरच अडकलेत. फुल होतच नाहीत.’

‘अडकले नाहीत रे, त्यांना तिथंच थांबायचंय,’ मी म्हटलं.

एका सामाईक नेटवर्कवर दहा जण असतील तर जोड्या ४५ होतात. प्रत्येक जोडीनं बाडाची पूर्ण अदलाबदल केली तर नुसताच कलकलाट. म्हणून ते आपल्यातून एक मुख्य निवडतात, ‘डीआर’, आणि एक राखीव, ‘बीडीआर’. बाकीचे आठ जण या दोघांशीच पूर्ण व्यवहार ठेवतात. ४५ ऐवजी १७ नाती. उरलेल्या एकमेकांशी ओळख ठेवून ते थांबतात, आणि ती ओळख म्हणजे ‘टू-वे’. खरी काळजी करायची ती ‘एक्सस्टार्ट’ लिहिलेलं तिथंच दिसत राहिलं तर. तेव्हा बहुतेक वेळा दोन टोकांचा एमटीयू वेगळा निघतो, म्हणजे एकाची पाकिटं दुसऱ्याच्या दारातून आत मावत नाहीत.

मोठ्या जाळ्यात प्रत्येकानं प्रत्येकाचा बांध लक्षात ठेवणं जड जातं, म्हणून ओएसपीएफ गावाच्या वाड्या करतो, ‘एरिया’. वाडीच्या आत पूर्ण नकाशा, बाहेरचा फक्त गोषवारा. आयएस-आयएस हे याचंच दुसरं भावंड, मोठ्या इंटरनेट कंपन्यांच्या कण्यात पुष्कळ ठिकाणी आढळतं. त्याच्या बाडात वय चढत नाही, उतरतं: १,२०० सेकंदांपासून शून्याकडे. तो पडदा पहिल्यांदा पाहिला की जिना उलटा चढल्यासारखं वाटतं, पण कल्पना तीच.

मला सगळ्यात आवडणारा आकडा मात्र फार लोक बघत नाहीत. नुसतं ‘शो आयपी ओएसपीएफ’ म्हणा. लांबलचक उत्तरात प्रत्येक एरियाखाली ‘चेकसम सम’ असा एक शब्द येतो. बाडातल्या सगळ्या नोंदींच्या चेकसमची ती बेरीज. अ वर जाऊन ती वहीत लिहून घ्या. मग केबल काढून ड ला लावा, ज्याची अ शी थेट ओळखही नाही, आणि तीच आज्ञा द्या. आकडा जुळतो, शेवटच्या अक्षरापर्यंत. चार पेट्या, चौघी आपापल्या बांधापलीकडचं काहीही न बघितलेल्या, आणि चौघींच्या पोटात हुबेहूब एकच गाव. मी ते दोन आकडे वहीत एकाखाली एक लिहिते आणि दर वेळी बोट ठेवून पुन्हा ताडून बघते, जुळणार हे ठाऊक असताना.

त्या दिवशी लॅब आवरायच्या आधी मी ब ची केबल जागेवर लावली आणि ड चा प्लग काढला. त्याचे पंखे थांबले. ब आणि क नं आपापल्या चतुःसीमा दुरुस्त केल्या, रस्ते बदलले, ड च्या पत्त्यांकडे जाणाऱ्या वाटा राउटिंग टेबलातून गेल्या. पण डेटाबेसमध्ये ड ची नोंद तशीच होती. ती मागे घ्यायला ड उरलाच नव्हता, आणि दुसऱ्याची नोंद पुसायचा हक्क कुणाला नसतो. तो कागद अजून सांगत होता: माझ्या एका बाजूला ब, दुसऱ्या बाजूला क. त्यांच्या कागदांवर ड चं नाव नव्हतं, म्हणून कुणी त्याला धरत नव्हतं, एवढंच.

मी केबली गुंडाळत अधूनमधून आज्ञा देत राहिले. अ, ब, क यांची वयं अठराशेच्या आसपास जाऊन शून्यावर परतत होती. ड चं वय १,८०० ओलांडून पुढे गेलं. २,१००. २,९००. बाहेर अंधार पडला होता. ३,५९१. मी खुर्ची ओढून बसले. ३,५९६. ३,५९८. पुढच्या आज्ञेला तीनच ओळी आल्या.